शेअर स्प्लिट आणि उत्पादन कंपन्यांचे जुने भागधारक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना इथल्या कारखान्यांत नोकरी केलेल्या किंवा त्यांना माल पुरवणाऱ्या अनेक घरांत उत्पादन कंपन्यांचे शेअर वर्षानुवर्षं तसेच ठेवलेले असतात. काहींचे डीमॅटमध्ये, तर काहींचे अजून पेटीतल्या कागदांवर. कंपनीनं स्प्लिट जाहीर केलं की चौकशी सुरू होते ती भाव वाढेल का याची. आमच्या मते दीर्घ मुदतीच्या भागधारकाचं खरं नुकसान भावात होत नाही, नोंदींत होतं. म्हणून खाली कर आणि जुनी सर्टिफिकेटं या दोन विषयांवर जास्त लिहिलं आहे.

स्प्लिट म्हणजे नेमकं काय होतं?

शेअरचं दर्शनी मूल्य, म्हणजे फेस व्हॅल्यू, कमी होतं आणि त्याच प्रमाणात शेअरची संख्या वाढते. १० रुपयांचा शेअर २ रुपयांचा केला तर एकाचे पाच होतात, १ रुपयाचा केला तर दहा. कंपनीचं भरणा झालेलं भांडवल जसंच्या तसं राहतं. टाटा स्टीलनं जुलै २०२२ मध्ये १० चा १ केला, तेव्हा हजाराच्या आसपास असलेला भाव शंभराच्या आसपास आला. नेस्ले इंडियानं जानेवारी २०२४ मध्ये तेच केलं आणि सुमारे २७,००० रुपयांचा शेअर २,७०० च्या घरात आला. आयशर मोटर्सनं ऑगस्ट २०२० मध्ये १० चा १ केला होता.

माझी संपत्ती वाढते का?

नाही. एक हिशेब मांडून पाहा. एका कंपनीचे २ कोटी शेअर, दर्शनी मूल्य १० रुपये, वर्षाचा निव्वळ नफा ६० कोटी, भाव ९०० रुपये. प्रति शेअर नफा ३० रुपये, म्हणजे भाव नफ्याच्या ३० पट. आता १० चा २ केला. शेअर झाले १० कोटी, प्रति शेअर नफा ६ रुपये, भाव १८० रुपये. भाव अजूनही नफ्याच्या ३० पटच. पुस्तकी मूल्य, म्हणजे कंपनीच्या हिशेबवहीप्रमाणं एका शेअरचं मूल्य, २५० असेल तर ५० होईल. तुमच्याकडं २०० शेअर होते, त्यांचे १,८०,००० रुपये होत होते. आता १,००० शेअर आहेत आणि रक्कम तीच. कंपनीतला तुमचा हिस्सा आधी ०.००१ टक्के होता, आताही तेवढाच आहे.

मग कंपन्या स्प्लिट करतात कशाला?

लहान गुंतवणूकदाराला एक तरी शेअर परवडावा आणि रोजचे व्यवहार वाढावेत म्हणून. ज्याला महिन्याला पाच हजार रुपये गुंतवायचे आहेत, त्याला २७,००० चा शेअर घेताच येत नाही. व्यवहार वाढले की खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर कमी होतं, आणि मोठा हिस्सा विकायचा असेल तेव्हा त्याचा थोडा फायदा मिळतो.

पण स्प्लिट केलंच पाहिजे असं काही नाही. एमआरएफचं दर्शनी मूल्य १० रुपयेच आहे आणि जून २०२३ मध्ये त्या शेअरनं एक लाखाचा टप्पा गाठला. दुसऱ्या बाजूला, १ रुपयाच्या खाली दर्शनी मूल्य नेता येत नाही. वाळूजची वाहनांचे सुटे भाग बनवणारी व्हॅरॉक २०१८ मध्ये बाजारात आली तीच १ रुपया दर्शनी मूल्य घेऊन, त्यामुळं तिथं विभाजनाला जागाच नाही. त्याच धंद्यातली एंड्युरन्स २०१६ मध्ये आली तेव्हा तिचं दर्शनी मूल्य १० रुपये होतं. कुठलीही चर्चा ऐकण्याआधी त्या कंपनीचं सध्याचं दर्शनी मूल्य बघा, अर्ध्या अफवा तिथंच संपतात.

कारखान्याला यातून काही मिळतं का?

एक रुपयासुद्धा नाही. नवी प्रेस येत नाही, भट्टी वाढत नाही, कर्ज फिटत नाही. उत्पादन कंपनीचा भाव पुढच्या पाच-दहा वर्षांत कुठं जाईल हे ठरतं ते क्षमतेचा वापर किती टक्के आहे, विस्तारासाठी पैसा कर्जातून येतो की नफ्यातून, उधारी किती दिवसांत वसूल होते, वीज आणि कच्च्या मालाचा वाढलेला खर्च गिऱ्हाइकाकडून काढता येतो का, यावर. रोलिंग मिलच्या धंद्यात असलेल्या जालनेकरांना हे वेगळं सांगायला नको. तिमाही निकालात हे आकडे खालावत असतील तर स्प्लिटच्या बातमीनं ते झाकले जाऊ देऊ नका.

बोनस आणि स्प्लिट एकच ना?

नाही. हातात शेअर वाढतात आणि भाव घटतो एवढंच साम्य. बोनसमध्ये दर्शनी मूल्य तेच राहतं आणि कंपनीच्या राखीव निधीतली रक्कम भांडवलात वर्ग होते. बजाज ऑटोनं २०१० मध्ये १:१ बोनस दिला, तो या प्रकारातला. कराच्या हिशेबात तर दोन्हींत मोठा फरक आहे, तो पुढं येईलच.

गुणोत्तर वाचताना फार गफलत होते. बोनस ४:१ म्हणजे एका शेअरवर चार नवे, एकूण पाच. बोनस १:५ म्हणजे पाच शेअरवर फक्त एक नवा. स्प्लिट मात्र '१० रुपयांवरून २ रुपये' असं लिहिलेलं असतं, त्यात मोठ्या आकड्याला लहान आकड्यानं भागा. व्हॉट्सॲपवर आलेलं गुणोत्तर ग्राह्य धरू नका, बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावरची मूळ घोषणा वाचा.

लाभांश कमी होईल का?

प्रति शेअर कमी, एकूण तेवढाच, अर्थात कंपनीनं धोरण बदललं नाही तर. वरच्या उदाहरणात ८ रुपये लाभांश म्हणजे १० रुपयांवर ८० टक्के. स्प्लिटनंतर ८० टक्के म्हणजे २ रुपयांवर १ रुपया ६० पैसे. २०० शेअरवर १,६०० मिळत होते, १,००० शेअरवरही १,६०० च. टक्केवारी नेहमी दर्शनी मूल्यावर असते, बाजारभावावर नाही. '५०० टक्के लाभांश' हा मथळा १ रुपयाच्या शेअरवर फक्त ५ रुपये सांगत असतो.

घोषणेपासून खात्यात शेअर येईपर्यंत काय काय होतं?

आधी संचालक मंडळ मंजुरी देतं. मग भागधारकांचा ठराव लागतो, तो बहुधा टपाली मतदानानं, म्हणजे आता प्रत्यक्षात ई-मतदानानं होतो. तुमचा ईमेल नोंदलेला नसेल तर ही सूचना तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यानंतर रेकॉर्ड डेट जाहीर होते, म्हणजे ज्या दिवशी नोंदीत नाव असलेल्यांचे शेअर विभागले जातात ती तारीख. टाटा स्टीलच्या मंडळाची मंजुरी ३ मे २०२२ ची आणि रेकॉर्ड डेट २९ जुलैची, नेस्लेची मंजुरी १९ ऑक्टोबर २०२३ ची आणि रेकॉर्ड डेट ५ जानेवारी २०२४ ची. दोन-तीन महिने धरून चालावं.

जानेवारी २०२३ अखेरपासून व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, त्यामुळं एक्स-डेट, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घटलेल्या भावानं मिळतो ती तारीख, आणि रेकॉर्ड डेट आता एकाच दिवशी येतात. आदल्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घेतलेले शेअर विभागले जातात. रेकॉर्ड डेटलाच घेतले तर तुम्ही घटलेल्या भावानं नवे शेअरच घेता, म्हणून 'स्प्लिट हुकलं' असं काही नसतं.

यात एक गोष्ट नजरेआड होते, ती म्हणजे आयसिन बदलतो. आयसिन हा प्रत्येक शेअरचा बारा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक. टाटा स्टीलच्या आयसिनच्या शेवटी ०१२ होते, स्प्लिटनंतर ०२० झाले. तुमच्या डीमॅट विवरणात जुन्या आयसिनचे शेअर वजा होतात आणि नव्या आयसिनचे जमा होतात. दोन्ही ओळी दिसतील ते पान पीडीएफ करून ठेवा. विकायच्या वर्षी हेच पान लागतं.

सकाळी ॲप उघडलं तर ८० टक्के तोटा दिसतोय. काय करू?

काहीच नाही. भाव नवा आणि संख्या जुनी, म्हणून तो आकडा दिसतो. नवे शेअर साधारण एक-दोन कामकाजाच्या दिवसांत जमा होतात आणि मग सरासरी किंमतही दुरुस्त होते. ती झाली नाही तर ब्रोकरला लेखी कळवा. शेअर जमा झाल्याशिवाय विकू मात्र नका. खात्यात नसलेले शेअर विकले गेले तर ते लिलावातून भरून द्यावे लागतात आणि तो भुर्दंड तुमच्या माथी येतो.

आधी लावून ठेवलेले दीर्घ मुदतीचे ऑर्डर, म्हणजे जीटीटी, रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवशी तपासा. बरेच ब्रोकर ते स्वतः रद्द करतात, पण भरवशावर राहू नये. ७५० ला विक्रीचा स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथवर घसरला की आपोआप विकणारा ऑर्डर, राहून गेला आणि भाव १८० वर उघडला, तर काय होईल हे उघड आहे.

शेअरची संख्या वाढल्यानं डीमॅटचा खर्च वाढतो का?

नाही. विक्रीवेळचं डीपीचं, म्हणजे डीमॅट खातं सांभाळणाऱ्या संस्थेचं, शुल्क दर कंपनीमागं, दर दिवसाला लागतं, शेअरच्या संख्येवर नाही. बेसिक सेवा डीमॅट खात्याची मर्यादाही मूल्यावर आहे: ४ लाखांपर्यंत वार्षिक शुल्क नाही, ४ ते १० लाखांत १०० रुपये. मूल्य तेच, म्हणून शुल्क तेच.

स्प्लिट झालं की कर लागतो का? माझी खरेदी किंमत कोणती धरायची?

स्प्लिटवर कर नाही. कर विक्रीवर. मूळ खरेदी किंमत नव्या संख्येत विभागायची आणि खरेदीची तारीख मूळचीच धरायची. २०१९ ला घेतलेल्या शेअरचं २०२४ मध्ये विभाजन झालं तरी तो २०१९ चाच. सूचिबद्ध शेअर १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर नफा दीर्घ मुदतीचा ठरतो, आणि २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर वर्षाला १.२५ लाखांच्या वरच्या नफ्याला १२.५ टक्के दर लागतो, अधिक उपकर.

टप्प्याटप्प्यानं घेतलेले शेअर असतील तर सरासरी धरू नका. समजा २०१९ मध्ये ५०० रुपयांनी ४० शेअर घेतले, २०२२ मध्ये ७०० नं ६०. मग १० चा २ झाला. आता २०० शेअर १०० रुपयांचे आणि ३०० शेअर १४० रुपयांचे आहेत. ॲप दाखवेल सरासरी १२४. तुम्ही २५० विकले तर आधी आले ते आधी गेले या नियमानं खरेदी किंमत होते २०० × १०० अधिक ५० × १४०, म्हणजे २७,०००. सरासरीनं ती ३१,००० येते, आणि ४,००० रुपये नफा कमी दाखवला जातो.

बोनसच्या शेअरची खरेदी किंमत शून्य आणि तारीख वाटपाची. एकाच कंपनीनं आधी स्प्लिट, मग बोनस दिला असेल तर दोन्ही गठ्ठे वेगळे लिहा. ५० शेअर ८४० नं घेतले, १० चा २ झाला, म्हणजे २५० शेअर १६८ रुपयांचे. त्यावर १:१ बोनस, आणखी २५० शून्य किमतीचे. यातले ३०० विकले तर पहिले २५० हे १६८ वाले आणि पुढचे ५० शून्यवाले.

३१ जानेवारी २०१८ च्या भावाचं काय?

जुन्या भागधारकांची सगळ्यात महाग चूक इथं होते. त्या तारखेपर्यंत घेतलेल्या शेअरसाठी त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून वापरायची सवलत आहे. नियम असा: त्या दिवशीचा भाव आणि विक्रीचा भाव यांतला कमी तो घ्या, मग तो आणि मूळ खरेदी किंमत यांतला जास्त तो धरा.

आता उदाहरण. २०१२ मध्ये ३०० रुपयांनी १०० शेअर. ३१ जानेवारी २०१८ चा सर्वोच्च भाव १,५००. २०२१ मध्ये १० चा २, शेअर झाले ५००. विक्री ४२० रुपयांनी. इथं खरेदी किंमत ६० होते आणि १,५०० चेही पाचनं भागून ३०० करावे लागतात. धरायची किंमत ३००, नफा प्रति शेअर १२०, एकूण ६०,०००. पण १,५०० तसाच लिहिला तर ४२० ही किंमत धरली जाते आणि नफा शून्य दिसतो. आयकर विवरणपत्रात हा तपशील कंपनीवार आणि आयसिनसह भरायचा असतो. जुना भाव जुन्या आयसिनवर सापडतो, विक्री नव्या आयसिनवर असते, आणि तयार यादीतून आकडा उचलताना भागायचं राहून जातं. सीएला कागद देताना स्प्लिटची तारीख आणि प्रमाण वरच्या बाजूला ठळक लिहून द्या.

डीमॅट एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडं हलवलं असेल तर नव्या ब्रोकरकडं खरेदीचा इतिहास येत नाही. जुनं खातं बंद करण्याआधी सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स, म्हणजे व्यवहारांच्या पावत्या, आणि लेजर, म्हणजे खातेउतारा, उतरवून घ्या.

वडिलांच्या नावाची १० रुपयांची सर्टिफिकेटं सापडली. कंपनीचं दर्शनी मूल्य आता २ आहे. कागद बाद झाला का?

हक्क बाद होत नाही. मालकी ठरते ती कंपनीच्या सभासद नोंदवहीतून, आणि तिथं तुमच्या फोलिओवर, म्हणजे त्या वहीतल्या तुमच्या खात्यावर, वाढीव संख्या पडलेली असते. बरेचदा कंपनीनं नवी सर्टिफिकेटं जुन्या पत्त्यावर पाठवलेली असतात आणि ती परत गेलेली असतात. म्हणून पहिलं काम अर्ज भरण्याचं नाही, माहिती मागवण्याचं आहे.

सर्टिफिकेटवरून फोलिओ क्रमांक, डिस्टिंक्टिव्ह क्रमांक (त्यातल्या शेअरचे अनुक्रमांक) आणि नाव लिहून घ्या. कंपनीचं नाव बदललं किंवा विलीनीकरण झालं का ते पाहा. मग तिच्या आरटीएला, म्हणजे केफिन, एमयूएफजी इनटाइम यांसारख्या निबंधक संस्थेला पत्र किंवा ईमेल करून चार गोष्टी विचारा: आज फोलिओवर किती शेअर आहेत, स्प्लिट-बोनसची नवी सर्टिफिकेटं पाठवली का आणि परत आली का, कोणकोणत्या वर्षांचा लाभांश थकला आहे, आणि शेअर आयईपीएफकडं, म्हणजे बेवारस शेअर जातात त्या सरकारी निधीकडं, गेले आहेत का. उत्तर हातात आल्यावरच स्टॅम्प पेपर घ्या. कागदावर १०० शेअर दिसतात म्हणून प्रतिज्ञापत्रात १०० लिहिले आणि नोंदवहीत ५०० असले, तर अर्ज परत येतो आणि नोटरीचा खर्च पुन्हा करावा लागतो.

भागधारक हयात असतील तर पॅन, पत्ता, बँक यांसाठी आयएसआर-१ हा फॉर्म, सहीची बँकेकडून खात्री करण्यासाठी आयएसआर-२ आणि नामनिर्देशनासाठी एसएच-१३ भरायचा. मग डीमॅट विनंती अर्ज. वारसांनी आयएसआर-५ भरायचा. सर्टिफिकेट हरवलं असेल तर आयएसआर-४. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकून करता येत नाहीत, त्यामुळं डीमॅटशिवाय पुढं रस्ता नाही.

आपल्या भागातल्या अर्जांत अडकतं ते ठरावीक ठिकाणी. सर्टिफिकेटवर नावापुढं 'राव', 'अप्पा' किंवा 'बाई' असतं, आधार-पॅनवर नसतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा. फोलिओवर पत्ता औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असतो, आधारवर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव. पत्ता बदलाची नोंद आधी करून घ्या. लाभांशासाठी दिलेलं खातं स्टेट बँक ऑफ हैदराबादचं असतं. ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली आणि आयएफएससी बदलले. आयएसआर-२ आता ज्या शाखेत खातं आहे तिथल्या व्यवस्थापकाकडून सही-शिक्क्यानिशी घ्यायचा. आणि संयुक्त नावांचा क्रम: फोलिओवर आधी वडील मग आई असेल, तर डीमॅट खातंही त्याच क्रमानं हवं. उलटा क्रम असेल तर डीमॅट अर्जाबरोबर नावांचा क्रम बदलण्याचा अर्जही द्यावा लागतो.

शेअर आयईपीएफकडं गेले असतील आणि त्यानंतर स्प्लिट झालं असेल तर?

सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअर आयईपीएफकडं, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडं जातात. आधी तीन महिने नोटीस आणि वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, पण पत्ता जुना असेल तर ती दिसत नाही. तिथं असताना झालेलं स्प्लिट किंवा बोनस त्या खात्यातच जमा होतं आणि दावा मंजूर झाला की वाढीव शेअर तुम्हाला मिळतात. आधी आरटीएकडून हक्काचं पत्र घ्या, मग आयईपीएफ-५ भरा. दावा आजच्या संख्येचा करा, जुन्या नाही. १ एप्रिल २०२४ पासून केवायसी अपुरं असलेल्या कागदी फोलिओला लाभांश मिळतच नाही, म्हणजे सात वर्षांचं घड्याळ अनेकांचं आत्ता चालू आहे.

मी कंपनीचा कर्मचारी आहे. ईसॉपचं काय होतं?

ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्याला ठरावीक किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा पर्याय. स्प्लिटनंतर पर्यायांची संख्या वाढते आणि घ्यायची किंमत त्याच पटीत घटते. २५० रुपयांचे ३०० पर्याय असतील तर १० चा २ झाल्यावर ५० रुपयांचे १,५०० होतात. एचआरकडून सुधारित पत्र मागून घ्या. जुन्या पत्रावर संख्या आणि किंमत जुनीच असते आणि नोकरी सोडताना त्यावरून वाद होतो.

वार्षिक अहवालात प्रति शेअर नफा ३० वरून ७ वर आलाय. कंपनी बुडतेय का?

आधी शेअरसंख्या बघा. लेखा नियमानुसार स्प्लिटनंतर मागच्या वर्षाचा प्रति शेअर नफाही नव्या संख्येवर मांडावा लागतो, त्यामुळं एकाच अहवालातली दोन वर्षं तुलनेला चालतात. जुना अहवाल शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत होते. वरच्या कंपनीत ३० चे ६ झाले होते, म्हणजे ७ ही वाढ आहे. भावाचे आलेख स्प्लिटप्रमाणं मागं जुळवलेले असतात, म्हणून २०१२ ला ३०० नं घेतलेला शेअर आलेखात ६० दिसतो.

स्प्लिटच्या बातमीवर आणखी घ्यावेत का?

फक्त त्या कारणासाठी नको. घोषणा आणि रेकॉर्ड डेट यांच्यामध्ये भाव चढवला जातो आणि नंतर तो टिकेलच असं नाही. लहान कंपन्यांत तर सावध राहाच. विक्री वाढलेली नाही, प्रवर्तकांचा हिस्सा तिमाहीगणिक घटतोय किंवा गहाण पडलाय, आणि तरी स्प्लिट व बोनस लागोपाठ जाहीर होत आहेत, टेलिग्रामवर लक्ष्यभाव फिरतोय, असं दिसलं तर लांब राहा. भागधारणेचा तक्ता दर तिमाहीला एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर मोफत असतो.

आठवडा झाला, नवे शेअर आले नाहीत. कुठं जायचं?

आधी डीपीकडून विवरण घ्या, ॲपवर विसंबू नका. ॲपमध्ये दिसत नसले तरी डीमॅटमध्ये बहुधा आलेले असतात. तिथंही नसतील तर आरटीएला डीमॅट खाते क्रमांक, रेकॉर्ड डेटची शिल्लक आणि विवरणाची प्रत पाठवा. समाधान झालं नाही तर शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते पटलं नाही तर तिथूनच पुढच्या पातळीवर नेता येतं, आणि त्यानंतर ऑनलाइन तंटानिवारणाचा मार्ग आहे. तक्रारीत जुना आणि नवा असे दोन्ही आयसिन लिहा.